मोकळे वर्ष कुणाचे?

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस हल्ली आपल्या धर्मग्रामांत असा साजरा होतो, की मूळ लग्नाचा थाट त्यापुढे फिका पडावा. आभाराची मिस्सा होते, वचनांचे नूतनीकरण होते, हॉलमध्ये केक कापला जातो, जुन्या छायाचित्रांचा पडदा उलगडतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच नवरा-बायको विरार लोकलच्या दोन वेगवेगळ्या डब्यांत शिरतात आणि रात्री साडेआठला एकमेकांचे थकलेले चेहरे पाहतात. पंचवीस वर्षांत या दोघांनी जागेपणी आणि निवांतपणे किती वेळ एकत्र काढला, याचा हिशेब त्या समारंभात कुणी मांडत नाही. मांडला तर केक घशाखाली उतरणार नाही.

आमचे म्हणणे आम्ही आडपडदा न ठेवता प्रारंभीच सांगून टाकतो. प्रत्येक जोडप्याने पन्नाशीच्या आसपास, हातपाय धड असताना, निवृत्तीची वाट न पाहता एक वर्ष नोकरीधंद्यापासून मोकळे होऊन एकमेकांसोबत राहावे. ही चैन नव्हे. विवाहाने परस्परांना दिलेल्या शब्दाची ती थकलेली बाकी आहे. आणि ज्यांना ती फेडणे शक्य आहे त्यांच्या वाटेत मुलांनी, नातेवाइकांनी आणि धर्मग्रामाने आडवे येऊ नये.

आम्ही उभयतांनी असे वर्ष घेतले. जून २०२३ ते मे २०२४ हे बारा महिने आम्ही वसई सोडून पोलादपूर तालुक्यात, कशेडी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत भाड्याच्या घरात राहिलो. तेव्हा आमच्यापैकी एकाचे वय चोपन्न होते, दुसरीचे बावन्न. एक केंद्र सरकारच्या नोकरीत, दुसरी खासगी रुग्णालयात परिचारिका. परत आल्यावर लोकांनी जे प्रश्न विचारले, त्यांत ‘कसे होते?’ हा प्रश्न क्वचितच होता. ‘काही भानगड झाली होती का?’ हा बहुतेकांचा होता. कुणी आजाराचा संशय घेतला, कुणी कर्जाचा, तर कुणी मुलाशी बिनसल्याचा. नवरा-बायकोंनी एकत्र राहण्यासाठी रजा घेतली, हे कारण कुणालाच पुरेसे वाटेना. हा लेख लिहिण्यास आम्ही त्यामुळेच प्रवृत्त झालो.

प्रथम रजेचाच विचार करू. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याच्या खात्यावर तीनशे दिवसांपर्यंत अर्जित रजा साठू शकते. तीनशे दिवस म्हणजे दहा महिने! म्हणजे इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाच्या खात्यावर एक जवळजवळ पूर्ण मोकळे वर्ष जमा असते. त्याचे पुढे काय होते? निवृत्तीच्या दिवशी ते विकले जाते. तीनशे दिवसांचा पगार हातात पडतो, त्यातून घराला वरचा मजला चढतो नाहीतर मुलीच्या लग्नाचा हॉल ठरतो, आणि विश्रांतीचे दहा महिने कायमचे नाहीसे होतात. २०२३ च्या अर्थसंकल्पाने खासगी नोकरदारांना निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रजेच्या पैशांवरील करसवलतीची मर्यादा तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर नेली. नोकरदारांनी या निर्णयाचे स्वागत केले आणि ते स्वाभाविकही आहे. पण यातला संकेत पाहा. रजा न घेता राखून ठेवावी आणि शेवटी विकून टाकावी, याला उत्तेजन; ती ज्या कारणासाठी दिली त्या कारणासाठी वापरावी, याला मात्र कुणाची शाबासकी नाही. उलट नियमानुसार एका वेळी एकशे ऐंशी दिवसांहून अधिक अर्जित रजा सहसा मिळत नाही. आम्हांला उरलेले महिने बिनपगारी काढावे लागले. खासगी रुग्णालयात तर रजेचा प्रश्नच नव्हता. तेथे राजीनामाच द्यावा लागला.

ज्याची रजा मंजूर व्हायची होती, त्याच्या अर्जात ‘कारण’ या रकान्यापुढे आम्ही ‘पत्नीसमवेत वास्तव्य’ असे लिहिले होते. वरिष्ठांनी तो अर्ज परत केला आणि ‘घरगुती अडचण’ असे लिहून आणण्यास सुचविले. सहजीवन हे रजेचे कारण होऊ शकत नाही. अडचण मात्र होऊ शकते. त्यांचा दोष नव्हता. आपल्या सगळ्यांच्याच मनाचा तो छापील नमुना आहे.

आता कशेडीच का, हे सांगणे भाग आहे. मुंबई-गोवा महामार्गाने जाताना घाट चढण्यापूर्वी पोलादपूरजवळ चहाला थांबावे, डोंगरांकडे पाहून ‘पुढे कधीतरी येथे येऊन राहू’ असे म्हणावे आणि पुन्हा गाडीत बसावे, हा आमचा वीस वर्षांचा नेम होता. रुग्णालयातील एका सहकारी बाईंचे गावाकडचे घर बंद होते. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, तेवढे ते उघडायचे. घराला वारा लागेल, कौले शाकारली जातील, या हिशेबाने त्यांनी ते आम्हांला अल्प भाड्याने दिले. समुद्र नाही, मंदिराची ख्याती नाही, थंड हवेचे ठिकाण नाही. घाटापलीकडे रत्नागिरी जिल्हा, अलीकडे रायगड. पाहण्यासारखे काही नाही अशा ठिकाणी माणसाला एकमेकांकडे पाहावे लागते, एवढाच आमचा अंदाज होता.

पण त्या परिसराने आम्हांला जे शिकविले ते अंदाजापलीकडचे होते. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. गिरणगावातल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसे, खाणावळीचे जेवण, आणि महिन्याच्या महिन्याला गावी जाणारी मनीऑर्डर. बायको गावी भात लावी, नाचणी कापी, म्हाताऱ्यांचे करी. लग्न एकाचे एकाशी झालेले. संसार मात्र दोन ठिकाणी दोन चुलींवर. वर्षातले पंधरा-वीस दिवस नवरा ‘चाकरमानी’ म्हणून पाहुण्यासारखा यायचा. ‘रिटायर झालो की येतोच’ हे या मुलखातील सर्वांत मोठे आश्वासन होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्य पुन्हा कधी गिरणीच्या फाटकातून आत गेले नाहीत. अनेक जण हताश होऊन गावी परतले. कित्येक जोडप्यांचे खरे सहजीवन त्या दिवशी सुरू झाले; पण ते पराभवाच्या सावलीत, पैसा नसताना आणि एकमेकांची सवय नसताना.

आमच्या शेजारच्या घरात असेच एक वृद्ध जोडपे होते. लग्नानंतरची वीस वर्षे त्यांनी वेगळी काढली होती. म्हाताऱ्या बाबांनी आम्हांला सांगितले, की परत आल्यावर पहिले वर्षभर बायकोशी काय बोलावे तेच कळत नसे. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात मोठ्याने बोलण्याची सवय लागलेली, तर तिला वाटायचे की हा रागावला आहे. बाई ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, की आम्ही बरे केले, वेळेवर आलो.

आपण वसईकरांनी या गोष्टीकडे दूरच्या मुलखाची कहाणी म्हणून पाहू नये. आपल्यातही आखातात गेलेले आहेत, जहाजांवर गेलेले आहेत. गोव्याच्या तारवटींच्या बायकांनी जे सोसले तेच आपल्या अनेक घरांतील स्त्रियांनी सोसले आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले, तेव्हाही असेच झाले होते. हातात काही नसलेला, मनाने खचलेला नवरा अनेक वर्षांनी घरी आला आणि मुलांना त्याच्याशी ओळख करून घ्यावी लागली. आपत्तीने माणसाला घरी आणावे आणि मग त्याने संसार शिकावा, हा क्रमच उलटा आहे. राजीखुशीने, वेळेवर आणि खिशात थोडे पैसे असताना आपण घरी का येऊ नये?

कुणी म्हणेल, टाळेबंदीत आपण सारे घरीच तर होतो. मार्च २०२० पासून नवरा-बायको एकमेकांसमोरच होते, मग आणखी कसले वर्ष? कोंडून घातलेल्या माणसाला विश्रांती मिळाली असे म्हणणे म्हणजे पुरात अडकलेल्याला आंघोळ घडली असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय आमच्यापैकी एक त्या काळात बारा-बारा तास रुग्णालयात होती. तेव्हा हा मुद्दा येथेच सोडू.

‘पुढे बघू’ या दोन शब्दांविषयी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आमचे खरे भांडण त्यांच्याशीच आहे. महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. आम्ही गेलो तो त्यानंतरचा दुसरा पावसाळा. त्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलैच्या एखाद्या रात्री छपरावर जो आवाज होतो, त्यात शेजारची माणसे झोपत नाहीत, डोंगराकडे कान लावून बसतात. अशा रात्री आम्हीही बसलो. त्या ओटीवर ‘पुढे बघू’ हे शब्द आम्हांला उच्चारवेनात. वसईत परतल्यावर ते पुन्हा कानी पडतात तेव्हा नवल वाटते. निवृत्तीनंतर दोघांनी काय करायचे याच्या योजना आखणारी किती जोडपी आपण ओळखतो, आणि त्यांतील किती जणांच्या योजना एका मधुमेहाने, एका गुडघ्याने, एका दफनविधीने मोडल्या, हे प्रत्येकाने आपल्या आळीपुरते आठवून पाहावे.

ही कल्पना पाश्चात्त्यांची आहे, तरुणांचे फॅड आहे, असेही आम्हांला ऐकविण्यात आले. शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधले एक वर्ष जग पाहण्यात घालविण्याची रीत इंग्लंडादी देशांतील तरुणांत आहे, हे खरे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये प्राध्यापकांसाठी सब्बाटिकल रजेची प्रथा सुरू केली आणि बेल्जियमने १९८५ मध्ये नोकरदारांना कारकिर्दीत मध्येच थांबण्याची कायदेशीर सोय करून दिली, हेही खरे. पण त्या ‘सब्बाटिकल’ शब्दाचे मूळ कोठे आहे? ते आपल्याच पवित्र ग्रंथात आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची आज्ञा आहे आणि पन्नासाव्या वर्षाच्या योबेलाची स्थापना आहे. गंमत अशी, की ज्यांनी लेवीय कधी वाचले नाही ते कशेडीचे शेतकरी ही आज्ञा आपल्या परीने पाळत आले आहेत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत दोन-तीन वर्षे नाचणी, वरी, तीळ घ्यायचे आणि मग ती काही वर्षे तशीच मोकळी सोडायची, ही तिथली जुनी वहिवाट. सोडली नाही तर पुढे ती काही देत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. जमिनीला जे लागते ते माणसाला लागत नाही असे आपण कशावरून ठरविले?

याहून नेमका आधार अनुवाद पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातील पाचव्या वचनात आहे, आणि विवाहपूर्व शिबिरांत तो क्वचितच सांगितला जातो. ज्याचे नुकतेच लग्न झाले आहे त्याला युद्धावर पाठवू नये, त्याच्यावर कोणतेही काम लादू नये. त्याने एक वर्ष घरी मोकळे राहावे, असा तो नियम आहे. आणि कशासाठी? तर पत्नीला आनंद देण्यासाठी. वारसासाठी नव्हे, शेतीसाठी नव्हे. युद्धाच्या काळातील, पुरुषप्रधान समाजातील हा कायदा आहे हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. हे वर्ष नवविवाहितांसाठी सांगितले आहे, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. परंतु ज्यांना तेव्हा ते मिळाले नाही, ज्यांनी लग्नानंतर आठव्या दिवशी हजेरीपटावर सही केली, त्यांचे ते वर्ष बुडाले असे समजायचे काय? देणे उशिरा फेडले तरी ते देणेच असते.

आपल्या शेजारधर्मातही वानप्रस्थाची कल्पना आहे, असे आमच्या एका हिंदू स्नेह्यांनी सुचविले. ती थोर आहे. तथापि मनुस्मृतीतील तिचा पाठ पाहिला तर वनात जाणाऱ्या पुरुषाने पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे, अशी मुभा त्यालाच दिलेली आहे. तिची इच्छा विचारलेली नाही. हीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे आपण सारे नाताळ साजरा करीत होतो त्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला जाळण्यात आली. कशेडीहून महाड तासाभराच्या आत गाठता येते. आम्ही चवदार तळ्याच्या काठी गेलो तेव्हा हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही, की हवाली करण्याची भाषा आपल्या ख्रिस्ती घरांतूनही पुरती गेलेली नाही.

आणि येथे आम्ही या विषयाच्या अशा भागाशी येतो, जो पुरुष वाचकांना कदाचित रुचणार नाही. मोकळे वर्ष कुणाचे? समजा नवऱ्याने रजा घेतली, दोघे गावी जाऊन राहिले; तो सकाळी ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसला, दुपारी झोपला, संध्याकाळी फिरून आला. आणि ती? तिने सकाळचा चहा, न्याहारी, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण, धुणे, भांडी हे सारे केले, फक्त नव्या स्वयंपाकघरात आणि मिक्सर नसताना. हे वर्ष एकाचे झाले. दुसरीची केवळ बदली झाली. आमच्या घरी पहिले सहा आठवडे नेमके हेच घडले आणि त्यावरून जे कडाक्याचे भांडण झाले, त्याचा आवाज शेजारच्या बाबांनीही ऐकला असणार. त्यानंतर आठवड्याचे सरळ दोन भाग केले. तीन दिवस एकाने रांधायचे, तीन दिवस दुसरीने, आणि रविवारी उरलेसुरले. ज्याने चोपन्न वर्षांत भाताची पेज आणि भात यांतला फरक पातेल्यात पाहिला नव्हता, तो दिवाळीपर्यंत तांदळाची भाकरी थापू लागला. ती गोल होत नसे. पण खाणारी ती खात होती, आणि भाकरी थापली जात असताना ती ओटीवर पुस्तक वाचीत बसली होती. परिचारिका म्हणून अठ्ठावीस वर्षे इतरांच्या पाळ्या सांभाळणाऱ्या बाईने भर दुपारी पुस्तक वाचावे, एवढ्यासाठीही एक वर्ष खर्ची घालणे आम्हांला परवडले.

बोलणे आपोआप होते, असा समज कुणी करून घेऊ नये. आपल्या पिढीतील जोडप्यांचे बोलणे म्हणजे निरोपांची देवाणघेवाण. गॅस आला का, फी भरली का, कुणाच्या घरी जायचे आहे. हे विषय संपले की पहिले दोन महिने घरात जी शांतता पसरते ती सुखद नसते. ती घाबरविणारी असते. कामाच्या धबडग्याखाली काय काय दडपले गेले होते ते वर येते. एका मृत अपत्याविषयी आम्ही सव्वीस वर्षांत प्रथमच बोललो. त्याबद्दल याहून अधिक येथे लिहिणार नाही. एवढेच म्हणतो, की असल्या गोष्टी आठ दिवसांच्या सहलीत बोलल्या जात नाहीत. त्यांना लांबलचक, रिकामा पावसाळा लागतो.

म्हणूनच ‘मग एखादी चांगली टूर का करीत नाही?’ हा प्रश्न आम्हांला निरर्थक वाटतो. टूर वाईट नव्हे. कोचीतील चहाचे दुकान चालविणारे विजयन आणि मोहना हे दांपत्य सर्वश्रुत आहे. रोजच्या कमाईतून थोडेथोडे बाजूला ठेवून आणि कर्ज काढून, फेडून, त्यांनी पंचविसाहून अधिक देश पाहिले. २०२१ मध्ये विजयन यांचे निधन झाले तोवर त्यांचा हा क्रम चालू होता. पैसेवाल्यांचीच ही मिरास आहे असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण पुरे व्हावे. पण त्या दोघांना प्रवासाचे वेड होते, ते त्यांचे होते. आपल्याकडे सहलीला जाऊन आलेली जोडपी बसमधील जागेवरून, हॉटेलातील जेवणावरून बोलतात. एकमेकांविषयी बोलत नाहीत. पन्नाशी गाठल्यावर पु. ल. देशपांडे बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले, याचे मराठी माणूस आजही कौतुक करतो. एखादा लेखक, एखादा कलावंत असा थांबला तर ती साधना ठरते. साधे नवरा-बायको थांबले तर ती भानगड ठरते!

पैशाचा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. रोज पहाटे भाजीची टोपली घेऊन दादरला जाणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला, हातावर पोट असलेल्या कुटुंबाला आमचा हा उपदेश चिडविणारा वाटेल. त्यांना तो केलेलाच नाही. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत त्यांनाही नाही. तो आहे तुम्हांआम्हांला, ज्यांनी वाडवडिलांच्या जमिनी विकून इमारती उभ्या केल्या, ज्यांच्या घरी मुलाच्या लग्नाला हजार पाने उठतात. खेड्यातल्या घराचे भाडे, तांदूळ, भाजी, मासळी, औषधे आणि आरोग्य विम्याचा हप्ता धरून आमच्या दोघांच्या त्या वर्षाचा खर्च किती आला? आपल्याकडच्या एका मध्यम रिसेप्शनच्या जेवणाच्या बिलाहून तो कमी होता. बुडालेला पगार वेगळा. तो बुडाला आणि आम्ही त्याचे दुःख करीत नाही.

उरला नातवंडांचा मुद्दा. तो सर्वांत नाजूक आहे आणि सर्वांत जास्त दडपणही त्याचेच येते. मुलगा-सून दोघे नोकरीला, नातू दोन वर्षांचा, आणि आजी-आजोबा एक वर्ष गावाला जाऊन बसतात म्हणजे काय? आमच्या घरी हा प्रश्न उघडपणे विचारला गेला आणि काही महिने अबोलाही राहिला. नातवंडे देवाची देणगी आहेत हे आम्ही जाणतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबांसाठी आणि वृद्धांसाठी जुलैचा चौथा रविवार राखून ठेवला, त्याचेही आम्हांला अगत्य आहे. परंतु आजीचे प्रेम ही एक गोष्ट आणि पाळणाघराच्या फीची बचत ही दुसरी; दोन्ही एकाच नावाखाली मागता येत नाहीत. पंचवीस वर्षे स्वतःची मुले, त्यानंतर दहा वर्षे मुलांची मुले, आणि त्यानंतर एकमेकांची औषधे, असे आयुष्याचे वेळापत्रक ज्याने आखले त्याने पती-पत्नी म्हणून जगण्यासाठी कोणता रकाना ठेवला होता? आमच्या मुलाने पाळणाघर शोधले. नातू तेथे रुळला. गणपतीच्या सुट्टीत ते तिघे कशेडीला आले. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२३ मध्ये, घाटातील सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातून हलक्या वाहनांची एकेरी वाहतूक सुरू झाली होती. ज्या वळणांना पाऊण तास लागत असे ती दहाएक मिनिटांत मागे पडतात असे मुलगा उत्साहाने सांगू लागला. वाचलेल्या अर्ध्या तासाचे तो काय करणार, असे त्याच्या आईने विचारले. तो हसला, उत्तर काही दिले नाही.

अखेर धर्मग्रामाविषयी. आपल्या धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना वार्षिक ध्यानसाधना असते, अभ्यासासाठी वा नवीकरणासाठी वर्षभराची मोकळीक मिळते, आणि कॅनन कायद्याने प्रमुख धर्मगुरूला दरसाल महिनाभर सुट्टी घेण्याची मुभाही दिली आहे. हे सर्व योग्यच आहे. थकलेला मेंढपाळ कळपाच्या कामाचा नसतो. परंतु विवाह हाही संस्कारच ना? त्याच्या नवीकरणासाठी आपण काय देतो? स्पेनमधील फादर गॅब्रिएल काल्व्हो यांनी १९६२ मध्ये ज्या मॅरेज एन्काउंटरचा पाया घातला, त्याने जगभरातील असंख्य जोडप्यांना बोलते केले. पण तो शनिवार-रविवारचा कार्यक्रम आहे. १९ मार्च २०२१ ते २६ जून २०२२ या काळात जागतिक ख्रिस्तसभेने ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रेषितीय बोधपत्राच्या निमित्ताने कुटुंब वर्ष पाळले. आपल्याकडे फलक लागले, प्रार्थना छापल्या गेल्या, प्रवचने झाली. त्या पंधरा महिन्यांत आपल्या धर्मग्रामांनी एखाद्या जोडप्याला ‘तुम्ही यंदा समितीत नका, गायनवृंदात नका, सणाच्या वर्गणीला दारोदार नका, तुम्ही दोघे वर्षभर एकमेकांचे व्हा’ असे म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट कार्यकर्ता जितका उत्साही, तितकी त्याची संध्याकाळ घराबाहेर. आमच्या जाण्याने धर्मग्रामातील तीन कामे अडतील असे आम्हांला बजावण्यात आले होते. परत येऊन पाहतो तो तिन्ही व्यवस्थित चालली होती, आणि त्यांतील एक तर आमच्यापेक्षा बरे.

आमची मागणी लहान आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची मिस्सा सांगावयास जोडपे धर्मगुरूंकडे येते, तेव्हा हॉलची तारीख विचारण्याआधी त्यांना एवढेच विचारावे, की तुमची रजा किती शिल्लक आहे. सरकारी नोकर असतील तर त्यांना आकडा तोंडपाठ असतो. तो ऐकून झाल्यावर, ती विकण्यापूर्वी दोघांनी मिळून एकदा त्यावर बोलावे, असे सुचवावे. येत्या जूनमध्ये आमचे कशेडीचे घर पुन्हा रिकामे होत आहे. घरमालकीण बाईंना आम्ही विचारले आहे; त्या भाडे वाढविणार नाहीत. भाकरीचा तवा आम्ही तेथेच ठेवून आलो आहोत.